चाखल्याशिवाय जायचं नाही

आधीच सांगून टाकते, ह्यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती जिपार माझी मावसबहीण. लहानपणापासून खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात. हे सगळं सांगताना तिचे कान पांढरेफटक होते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. लोकांना उगाच वाटतं की असलं काही रात्रीच होतं.

भर दुपार होती. शुक्रवार. ऑक्टोबरचा शेवट. बाहेर लख्ख ऊन, खाली इस्सिक-कुल तळं निळंशार.

जागेचं नाव सांगणार नाही. तळ्याच्या दक्षिण काठावर, डोंगराला टेकून एक जुनं आरोग्यधाम आहे, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ओळखून गप्प बसतील.

जिपारच्या सासूबाई, उलकान आपा, गुडघ्यांनी बेजार झाल्या होत्या. आमच्यात आईला आणि सासूला आपा म्हणतात. जिना चढायचा म्हटलं की प्रत्येक पायरीला एक शिवी. जिपारचा नवरा, कुबात, बटाट्याच्या काढणीत अडकलेला. म्हणून सासू-सुनेला त्याने गाडीने वर नेऊन सोडलं आणि तो परतला. त्यांची पाच वर्षांची मुलगी आइदाना माझ्याकडे राहिली.

आपांची जीभ म्हणजे कात्रीच.

"सूनबाई, हा चहा आहे की तळ्यातलं पाणी तापवून आणलंस?"

"तळं खारट आहे, आपा. चहात मीठ कमी आहे म्हणून तर तुम्ही ओरडताय."

"तोंड बघा हिचं! माझ्या पोराने काय बघून आणली कुणास ठाऊक."

आमच्याकडे चहात मीठ घालतात. असं दिवसभर चालायचं. लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती, पण आपांच्या तोंडून एक गोड शब्द नाही. सुनेला नाही आणि पोटच्या पोरालाही नाही. जिपारला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण हात मोडला होता तेव्हा आपांनीच महिनाभर तिची वेणी घातली होती, हेही तीच सांगते.

हंगाम संपला होता. खालच्या मजल्यावर चार-सहा म्हातारे पेशंट. वरच्या मजल्यावर ह्या दोघीच.

मजल्याची देखरेख क्लावाकडे. साठीची रशियन बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिची आई तिथलीच नर्स, म्हणजे क्लावाचं सगळं आयुष्य त्याच भिंतींत गेलेलं.

तिनेच एकदा चहा पिताना सांगितलं.

"आधी हे कोळशाच्या खाणीतल्या लोकांसाठी बांधलं. काळं थुंकायचे बिचारे. मग युद्ध आलं. जखमींना बोटीत घालून तळ्यापलीकडून आणायचे. छातीत गोळ्या, फुफ्फुसात छर्रे. त्यानंतर क्षयाचे. कुठून कुठून यायचे, बाई! कुणाची भाषा कुणाला कळत नसे."

"बरे होऊन जायचे ना?" जिपारने विचारलं.

"बरेच जायचे."

"आणि बाकीचे?"

क्लावाने बशीतला चहा फुंकला. "माणूस मेला तर कळवायचं कुणाला? घर कुठे, गाव कुठे… युद्धात पत्ते तरी कुठे राहिले होते?"

आपा गप्प बसल्या ह्याचंच जिपारला नवल वाटलं.

त्यांच्या खोलीबाहेर लांबलचक कॉरिडॉर. त्याच्या टोकाला काचेचं दुहेरी दार, त्याला साखळी आणि कुलूप. पलीकडे जुना भाग. कित्येक वर्षांत उघडलेला नाही.

आता शुक्रवारचं ऐका.

आमच्यात गेलेल्या माणसांसाठी दर शुक्रवारी तेल तापवतात. नान तळायचे. तेलाचा वास उठला की तो गेलेल्यांपर्यंत पोचतो, त्याने त्यांचं पोट भरतं. आणि तळलेलं शेजारीपाजारी वाटायचं. आपणच खाऊन टाकलं तर काही पोचत नाही.

खोलीत स्वयंपाकाला सक्त मनाई होती. पण आपांनी विजेची शेगडी शालीत गुंडाळून आणलेली.

"आपा, क्लावाने पकडलं तर दोघींना हाकलून देईल!"

"देऊ दे. माझा म्हातारा तिथे उपाशी बसलाय आणि मी इथे कुणाला घाबरू? दाराखाली टॉवेल सरकव."

दुपारच्या जेवणानंतर तिथे सक्तीची झोप असायची. घंटा झाली की दारं बंद, कॉरिडॉरमध्ये कुणी फिरायचं नाही. जुने लोक त्याला 'मेलेला तास' म्हणतात. नाव तेवढं भयंकर, बाकी नुसती वामकुक्षी. क्लावासुद्धा घोरत पडायची. म्हणून तीच वेळ धरली.

जिपारने सात नान तळले. खोलीभर वास दरवळला.

आपांनी हात पसरले. सासऱ्यांसाठी प्रार्थना म्हटली. चेहऱ्यावरून हात फिरवणार… तेवढ्यात थांबल्या.

"आणि ह्या घरात ज्यांच्यासाठी कुणीच तेल तापवलं नाही… त्यांनाही पोचो."

जिपार म्हणते, त्या क्षणी तिला सासूचं कौतुक वाटलं. एवढी तिखट बाई, पण मनात किती माया!

तो चांगुलपणाच नडला.

"जा, वाटून ये," आपा म्हणाल्या.

"कुणाला? मजल्यावर काळं कुत्रं नाही. खाली जायचं तर क्लावा झोपलीय जिन्याच्या दाराशी."

आणि तेव्हाच…

कॉरिडॉरच्या टोकाकडून कुणीतरी खोकलं.

"हे काय, आहेत की माणसं!" आपा म्हणाल्या. "नवीन आले असतील. जा, गरम आहे तोवर दे."

जिपार थाळी घेऊन निघाली. कॉरिडॉरमध्ये ऊन पडलं होतं. टोकाला गेली.

साखळी नव्हती.

कुलूप नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं.

तिला वाटलं, क्लावाने साफसफाईला उघडलं असेल. आत गेली. जमीन लख्ख पुसलेली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या दारांच्या रांगा.

पहिलं दार तिने वाजवलं. दार वीतभर उघडलं. एक पुरुषाचा हात बाहेर आला. कातडीखाली निळसर रेघा होत्या, खाणीत आयुष्य काढलेल्यांच्या हातावर असतात तशा. जिपारचे आजोबा खाणीतलेच, तिने ते लगेच ओळखलं. हाताने नान घेतला. दार लागलं.

आभार नाही की दुवा नाही. तिला जरा रागच आला.

दुसरं दार. ह्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. पट्टी ओली होती…

तिसरं दार. हात इतका बारीक, की नानाच्या वजनाने खाली वाकला.

एवढे पेशंट आणि जेवणाच्या खोलीत कुणीच कसं दिसत नाही? हा विचार तिच्या मनात आला. पण आला तोही उशिराच. थाळीत एकच नान उरला होता आणि ती शेवटच्या दारापाशी पोचली होती.

ते दार उघडंच होतं.

"आत ये, पोरी. दारातून का परत जातेस?"

आवाज म्हाताऱ्याचा. प्रेमळ.

मोठ्या माणसाने बोलावलं तर आमच्यात मान खाली घालून आत जातात. जिपार गेली.

लांब खोली. दोन्ही बाजूंना पलंग. प्रत्येक पलंगावर कुणी ना कुणी बसलेलं. सगळे खिडकीकडे तोंड करून, तळ्याकडे बघत.

एकानेही मान वळवली नाही.

मधल्या टेबलावर तिचेच नान मांडलेले. नुकतेच वाटलेले, सगळेच्या सगळे.

एकालाही कुणी दात लावला नव्हता.

तिने थाळीतला शेवटचा नान टेबलावर ठेवला. "पोचो," असं काहीतरी पुटपुटली आणि मागे सरकली.

"चाखून जा," तोच आवाज म्हणाला.

आता हे कळायला हवं. आमच्यात कुणाच्या घरी गेलात तर नान चाखल्याशिवाय निघत नाहीत. घाई असली तरी उंबऱ्यात चिमूटभर तोडून तोंडात टाकायचा. आणि पोरगा सैन्यात निघाला की घरच्या नानाचा एक घास खाऊन जातो. उरलेला नान भिंतीवर टांगून ठेवतात. तो त्याला परत घेऊन येतो. जिथला नान चाखला, तिथे पाय परत वळतात.

जिपारला हे सगळं एकदम आठवलं.

"माझं… माझं पोट भरलंय."

"घासभर. सगळेच चाखतात."

ती पळाली.

थाळी पडली, तिचा आवाज झाला नाही. कॉरिडॉरमधून पळत काचेच्या दारापाशी आली. दार बंद होतं. साखळी जागेवर, कुलूप जागेवर.

पण आता साखळी तिच्या बाजूला नव्हती. पलीकडे होती.

काचेतून त्यांची खोली दिसत होती. दार उघडं. आपा पलंगावर बसून गुडघे चोळत होत्या.

"आपा! आपा!"

आपांनी मान वर केली नाही.

तिने काचेवर मुठी आपटल्या. काच हललीसुद्धा नाही. ती किंचाळली, आणि तिचा आवाज थांबला तेव्हा मागच्या सगळ्या दारांआडून खोकल्याचा आवाज आला… जणू कुणीतरी तिलाच उत्तर देत होतं.

ती खिडकीकडे वळली. खिडकीला कडीच नाही. दुसरी खिडकी. तिलाही नाही. एक दार ढकललं, त्याच्या आत तीच लांब खोली. दुसरं ढकललं. तीच खोली. तेच टेबल. तेच पाठमोरे लोक.

"घासभर," आवाज म्हणाला. रागावला नव्हता. उलट समजूत घालत होता.

जमिनीवर पडलेला उन्हाचा पट्टा अजिबात सरकला नव्हता. जिपार सांगते, त्याचीच सर्वात जास्त भीती वाटली. वेळ जातच नव्हता. झोप संपल्याची घंटा होणारच नव्हती.

किती वेळ ती तिथे होती, देव जाणे. रडून रडून घसा बसला. आइदाना, आइदाना, एवढंच म्हणत राहिली. शेवटी तिला भूक लागली. अशी भूक, की बाळंतपणातही लागली नव्हती. आणि पाय आपोआप टेबलाकडे वळायला लागले.

हात पुढे झाला होता.

"खबरदार!"

दारात आपा उभ्या होत्या. हातात काठी, डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला. ते काचेचं दार त्यांनी कसं उघडलं, ते आजतागायत त्यांनी सांगितलेलं नाही.

"नान वाटायला पाठवली तर संसार मांडून बसली ही! हात मागे घे."

"आपा, जाऊ देत नाहीत हो मला…"

"दिसतंय मला." आपा पाठमोऱ्यांकडे वळल्या. "काय रे, लाज नाही वाटत? हिचं लेकरू घरी वाट बघतंय."

कुणी हललं नाही.

"चाखून जा," आवाज म्हणाला.

आपा थोडा वेळ उभ्या राहिल्या. जिपारकडे बघितलं. मग मोठा उसासा टाकला, भांडी घासायला बसताना टाकतात तसा.

"बरं. घरातल्या मोठ्याने चाखलं की सगळ्या घराचं झालं. रीत तुमच्याकडेही तीच असेल ना?"

"आपा, नको! आपा!"

आपांनी नानाचा तुकडा तोडला. तोंडात टाकला. सावकाश चावून गिळला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "हिला कधी जमलंच नाही."

आणि घंटा वाजली.

दोघी आपल्याच कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. मागे काचेचं दार. कुलपावर बोटभर धूळ. समोरून क्लावा हातवारे करत धावत येत होती, "तळणाचा वास कुठून येतोय? आग लावाल माझ्या घराला!"

जिपारने क्लावाचे दंड धरले. "पलीकडे कोण राहतं?"

क्लावाचा आवाज एकदम खाली आला. "पलीकडे? तिकडे जमीनच कुजलीय, बाई. पाय ठेवला तर खाली जाशील."

त्याच संध्याकाळी कुबातला बोलावून दोघी घरी आल्या. जिपारने त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "तेलाचा धूर डोक्यात गेला असेल," म्हणाला.

तीन-चार दिवसांनी सकाळी आपा घरात नव्हत्या.

सगळीकडे शोधलं. शेवटी क्लावाचाच फोन आला. आपा वर होत्या. चालत गेल्या होत्या, सगळा डोंगर चढून. ज्या बाईला घरचा जिना चढवत नव्हता, ती!

कुबातने परत आणलं. पुन्हा गेल्या. पुन्हा आणलं. बाहेरून कडी लावली, तर दाराशी बसून रात्रंदिवस खोकत राहिल्या. आपांना कधी खोकला नव्हता.

शेवटी त्यांनी जिपारला एकटीला जवळ बोलावलं.

"मला ओढून आणू नका. मी इथे असले की ते तिथे एक माणूस कमी धरतात. मग तुझ्याकडे बघतात. कळलं?"

"मी जाते, आपा. मला बोलावलं होतं, मीच जाते."

"गप्प बस. पोरीला वेणी कोण घालणार, तुझा नवरा?"

आपा तिकडेच राहिल्या. तीन वर्षं झाली. गावाने बोलायचं ते बोलून घेतलं, सुनेने सासूला आरोग्यधामात टाकलं म्हणून. कुबातलाही वाटतं की बायकोच काहीतरी लागट बोलली असणार. तोंडाने म्हणत नाही, पण जेवताना तिच्याकडे बघत नाही. जिपारने सगळं गिळलं.

ती भेटायला गेली की आपा बाहेर पायऱ्यांवर येऊन बसतात. कुणालाही आत नेत नाहीत. कुबातलासुद्धा नाही. स्वतःच्या हाताने पाण्याचा घोटही देत नाहीत.

ह्या वर्षी सप्टेंबरात आरोग्यधाम बंद झालं. पेशंट गेले, क्लावा मुलीकडे गेली. उरला फाटकावरचा पहारेकरी.

"आता तरी चला," जिपार रडली. "रिकाम्या घरात एकट्या कशा राहाल?"

आपा तळ्याकडे बघत म्हणाल्या, "रिकामं कुठे आहे?"

तेव्हापासून कुबात दर रविवारी कोळसा आणि पीठ घेऊन वर जायचा. पायऱ्यांवर उतरवायचा, आईच्या चार शिव्या खायच्या आणि परत यायचं.

मागच्या रविवारी तो उशिरा आला. पण चेहरा कसा खुललेला! कित्येक महिन्यांनी बायकोशी नीट बोलला.

"आपा आज किती गोड बोलली म्हणून सांगू! जन्मात कधी बोलली नसेल. बाळा म्हणाली मला. आत बोलावलं."

जिपारच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"तुम्ही आत गेलात?"

"आईने बोलावल्यावर जाणार नाही? चहा केला. बाजूला बसवलं. निघालो तर सोडेचना."

"काही… काही खाल्लंत का तिथे?"

कुबात हसला. "अगं, आईने स्वतःच्या हाताने घास पुढे केला. नाही कसं म्हणणार?"

हे रविवारचं तेवढं तिने मला फोनवर सांगितलं, काल. आवाज इतका बारीक, की फोन कानात रुतवून ऐकावा लागला. घास आपांनी दिला असेल, असं तिला वाटत नाही. आपा कुणाला बाळा म्हणणाऱ्या नव्हेत. मग आपा कुठे होत्या? हे विचारायची तिची हिंमत नाही आणि माझीही नाही.

तिने गाडीची किल्ली लपवली आहे. दाराला आतून कुलूप घातलं आहे. आइदानाला माझ्याकडे पाठवून दिलं आहे, ती आत्ता माझ्या शेजारी झोपली आहे.

"एजे," जिपार म्हणाली, आमच्यात थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, "ते सकाळपासून बूट घालून दाराशी बसलेत. काही बोलत नाहीत. नुसते बसलेत."

मी काय सांगायचं होतं तिला?

"दार उघडू नकोस," एवढंच म्हणाले.

"नाही उघडणार," ती म्हणाली. "पण आता ते खोकायला लागलेत."